नुसतं तपासायला नको, मदतीला या

नागपूरच्या मानेवाडा परिसरातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

'ताई, मी घरीच शिवणकाम करते. मिस्टर हिंगणा एमआयडीसीत आहेत, मुलगी अकरावीला आहे. सात महिन्यांपूर्वी बाल कल्याण समितीच्या आदेशानं एक नऊ वर्षांचा मुलगा आमच्याकडे फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक नाही, काही काळ सांभाळायला, आला. सावत्र बाप त्याला पट्ट्यानं मारायचा, उपाशी ठेवायचा. पहिला दीड महिना इतका शहाण्यासारखा वागला की आम्हालाच नवल वाटलं. आता पोळ्या उशीखाली लपवतो, रात्री अंथरूण ओलं करतो, साध्या साध्या गोष्टीत खोटं बोलतो. त्याची आई त्याला ऑफिसात भेटून गेली की दोन दिवस घर डोक्यावर घेतो. तान्ह्या पोळ्याला कॉलनीतल्या एका बाईंनी त्याच्यासमोरच विचारलं, "हे पोट्टं कोणाचं जी?" तो लाकडी नंदी तिथंच टाकून घरात पळाला. घरभेटीला दर वेळी नवीन मॅडम येतात, तेच प्रश्न त्यालाही विचारतात अन् मलाही, फ्रिज उघडून पाहतात, सही घेतात, जातात. त्याच्या खर्चाचे सरकारी पैसे तीन महिन्यांपासून आले नाहीत. त्याला पैशासाठी आणलं नाही, म्हणून मागायची लाज वाटते. मुलगी म्हणते, तो आल्यापासून तू माझी उरलीच नाही. अशी अजून चार घरं आम्हाला माहीत झाली, सगळीकडे हेच. नागपुरात ही व्यवस्था सुधारावी म्हणून आम्ही काय करू शकतो? आणि खरं सांगू का, कधी कधी वाटतं त्याला परत द्यावं. असं वाटणं पाप आहे का?'

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, पाप नाही. रात्री दोनला चादर बदलायची, सहाला डबे करायचे आणि दिवसभर मशीनवर बसायचं, असं सात महिने केल्यावर कोणालाही तसं वाटेल. तुम्ही ते मोकळेपणानं लिहिलंत याचा मला आदर वाटतो. तुमची माया कमी पडली असं मला पत्रात कुठंही दिसलं नाही. मार खाल्लेलं एक लेकरू कायद्यानं तुमच्या घरी सोपवलं आणि त्यानंतर तुमच्या पाठीशी कोणीही राहिलं नाही, हे मात्र प्रत्येक ओळीत दिसलं. म्हणून मुलाच्या वागण्याबद्दल आधी बोलू आणि मग ऑफिसांकडे वळू. दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत.

एक खुलासा. मुलाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख कुठल्याही माध्यमातून उघड करता येत नाही. घरातही हा नियम पाळा. त्याचा फोटो स्टेटसला नको, नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याची कहाणी नको.

पहिला दीड महिना तो शहाणा होता कारण तो घाबरलेला होता. नव्या घरात असं मूल आधी माणसांचा अंदाज घेतं. कोणाचा आवाज केव्हा चढतो, दार आपटलं की पुढं काय होतं, जेवताना काही सांडलं तर चालतं का, हे ते गुपचूप बघत असतं. आता तुमच्याबद्दल त्याला थोडा भरवसा वाटू लागलाय. म्हणून तो आता करून पाहतोय की मी वाईट वागलो तर हे लोक मारतात का, हाकलतात का. त्याला याचं उत्तर एकदा मिळून पुरणार नाही. पुन्हा पुन्हा, तेच, शांतपणे मिळावं लागेल, आणि त्यात महिने जातील.

पोळ्यांबद्दल. ज्याला शिक्षा म्हणून उपाशी ठेवलं गेलं, त्याला भरलेला फ्रिज बघून खात्री पटत नाही. लपवलेल्या पोळ्या काढून घेऊ नका, त्यावरून हसू नका, नातेवाइकांना सांगू नका. त्याला झाकणाचा एक डबा द्या, तो त्याच्या अंथरुणाशी राहू द्या. त्यात फुटाणे, गूळ-शेंगदाणे, चिवडा, जे टिकेल ते ठेवा. 'पोळीला मुंग्या लागतात, म्हणून हा डबा. संपला की तूच भर,' एवढंच सांगा. तो रोज रिकामा झाला तरी चालेल.

अंथरुणासाठी एकदा डॉक्टरांना दाखवाच. लघवीचा संसर्ग असू शकतो, बद्धकोष्ठतेमुळेही असं होतं, आणि या दोन्हींवर उपचार आहेत. तोवर खाली मेणकापड, दोन जास्तीच्या चादरी, आणि चादर बदलताना मोठा दिवा लावू नका, बोलू नका. सकाळी त्याचा उल्लेख कोणीच करायचा नाही, मुलीनंही नाही. संध्याकाळनंतर पाणी बंद करणं हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे. तो करू नका. दिवसभर भरपूर पाणी द्या आणि झोपण्याआधी बाथरूमला पाठवा.

खोटं बोलण्याचं कारणही तिथंच आहे. आधीच्या घरी खरं सांगितलं की पट्टा बसायचा. मग उत्तर माहीत असलेला प्रश्न त्याला विचारायचाच कशाला? 'ग्लास कोणी फोडला?' असं न विचारता 'ग्लास फुटलाय, आधी चप्पल घाल, मग काचा उचलू' असं म्हणा. खोटं बोलायची वेळच येणार नाही. आणि हात उगारणं पूर्ण बंद. चापटसुद्धा नाही, कान पिळणंही नाही. हे तुमच्या मिस्टरांना, दिरांना, सुट्टीत येणाऱ्या मामांना, सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. शाळेलाही सांगा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे.

कधी रात्री तो स्वतःहून जुनं काही सांगायला लागेल. हातातलं काम चालू ठेवा, ऐका, 'मग कुठं हात लावला, मग काय केलं' असे प्रश्न विचारू नका. तो झोपला की त्याचेच शब्द तारीख घालून वहीत लिहा. त्यात लैंगिक अत्याचाराचं काही असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. त्याचा जबाब त्याच्या राहत्या घरी घेता येतो, घेणारे पोलीस गणवेशात नसावेत आणि शक्यतो महिला अधिकारी असावी, असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. हे आग्रहानं मागा. रात्रीबेरात्री मदत लागली तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच.

'हे पोट्टं कोणाचं' याला घरातल्या सगळ्यांचं एकच उत्तर ठरवून ठेवा. 'आमच्याकडे राहतो, आमचाच आहे.' त्यापुढं कोणी खोदून विचारलं तर विषय बदला. त्या बाईंना नंतर एकटं गाठून शांतपणे समजावलंत तर आणखी बरं. आपल्याकडे लोक दुष्टपणानं विचारत नाहीत, सवयीनं विचारतात. पण नऊ वर्षांच्या पोराला तो फरक कळत नाही.

आता आईच्या भेटी. त्याच आईनं मार थांबवला नाही, आणि तरी तो तिच्यासाठी रडतो, हे तुम्हाला खुपत असेल. ती कदाचित स्वतःही मार खात असेल. काहीही असलं तरी मुलासमोर तिच्याबद्दल वाईट बोलू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ मध्ये आईवडिलांच्या भेटींची तरतूद आहे, आणि ते सांभाळायला योग्य ठरले तर मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. भेटी मुलाच्या हिताच्या नाहीत असं समितीला वाटलं, तर कारणं लिहून ती त्या थांबवू शकते. पण समितीला हे कळणार कसं? तुमच्या वहीतून. भेटीनंतर तो कधी झोपला, काय खाल्लं, काय बोलला, किती वेळानं शांत झाला, हे दोन-तीन ओळींत लिहीत जा. भेटीच्या दुसऱ्या दिवशी शिकवणी नको, पाहुणे नकोत. ऑफिसच्या गजबजलेल्या व्हरांड्यात भेट होत असेल तर निवांत खोली मागा. परीक्षेच्या आठवड्यात भेट ठेवू नका, हेही मागा. या मागण्या मोठ्या नाहीत, पण त्यांनी बराच फरक पडतो.

तुमच्या मुलीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. समितीपुढं तुम्ही दोघांनी सह्या केल्या, तिनं नाही. तिची खोली, तिची आई, तिचा अभ्यासाचा शांतपणा, सगळ्यात वाटेकरी आला, आणि तो वाटेकरी इतका दुःखी आहे की त्याच्यावर रागावायचीही तिला चोरी. तिला 'तू मोठी आहेस, समजून घे' असं म्हणू नका. ती समजूनच घेते आहे, म्हणून तर तिनं ते वाक्य तुम्हाला सांगितलं. तिच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली तिच्याकडे असू द्या. त्याला सांभाळायचं काम तिच्यावर टाकू नका, अर्ध्या तासासाठीसुद्धा नाही, जोवर ती आपणहून म्हणत नाही. आठवड्यातला एक ठरलेला वेळ फक्त तिचा, घराबाहेर. कुठं जायचं ते तिनं ठरवायचं. पुढच्या घरभेटीत मॅडमना सांगा की हिच्याशीही पाच मिनिटं बोला. ज्या घरात मूल ठेवलं आहे त्या घरातल्या मुलांना कोणी काही विचारत नाही, ही आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे असं मी मानते.

आता व्यवस्था. वरचं सगळं तुम्ही एकट्यानं किती दिवस करणार?

कोण काय करतं ते आधी नीट समजून घ्या. मुलाला तुमच्याकडे ठेवण्याचा आदेश बाल कल्याण समितीचा असतो. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तुमच्याशी रोजचा संबंध येतो तो जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा. तो जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी जोडलेला आहे, आणि संस्थेबाहेर, म्हणजे कुटुंबात ठेवलेल्या मुलांसाठी तिथं वेगळे संरक्षण अधिकारी असतात. या सगळ्यांच्या वर जिल्हाधिकारी.

कलम ४४ प्रमाणे फॉस्टर कुटुंबाची तपासणी दर महिन्याला व्हायला हवी. कायद्यात लगेच पुढं म्हटलंय की काळजी नीट होत नसेल तर मूल तिथून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवावं. म्हणून मॅडम फ्रिज उघडतात. मी तपासणीच्या बाजूची आहे. मुलं घेतलेल्या घरांतही छळ होऊ शकतो, आणि तो सापडायचा असेल तर कोणीतरी डोळे उघडे ठेवून घरात यावंच लागेल. पण त्या तासाभरात 'तुम्हाला काय कमी पडतंय' हा प्रश्न कोणी विचारत नसेल, तर त्या घरात पुढच्या महिन्यात काय बिघडणार आहे ते कळणारच नाही. आणि जे तपासणीला घाबरतं ते कुटुंब चादरी लपवतं, राग लपवतं, 'सगळं छान आहे' असं सांगतं, आणि एक दिवस अचानक फोन करून म्हणतं, घेऊन जा. तो धक्का शेवटी मुलालाच बसतो. नागपुरात फॉस्टर केअर सुधारायची असेल तर माझ्या मते सुरुवात या घरभेटीपासून करावी. भेटीला येणाऱ्या माणसानं तपासणी करावी आणि जाताना मदतीचं काहीतरी ठरवून जावं.

हे तुमच्या हातात आहे. पुढच्या भेटीआधी अर्धं पान लिहून ठेवा. गेल्या महिन्यात काय अडलं, काय मागितलं होतं, त्यातलं काय मिळालं आणि काय नाही. दोन प्रती करा. एक मॅडमच्या अहवालाला जोडायला द्या, दुसरीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं त्या मॅडमबरोबर निघून जातं, कागदावरचं फाइलीत राहतं.

तेच ते प्रश्न विचारण्याबद्दल. काळजी व संरक्षणात असलेल्या प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा असायला हवा. त्याची तब्येत, शाळा, समुपदेशन, आईशी संपर्क, सगळं त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या मुलाचा आराखडा तुम्ही पाहिलाय का? पाहिला नसेल तर पहिली मागणी तीच. येणाऱ्या व्यक्तीनं तो वाचून यावं आणि मुलाला 'तुला कसं मारायचे रे' असं पुन्हा पुन्हा विचारू नये, असं स्पष्ट लिहून द्या. मॅडम दर वेळी नवीन का असतात याचं उत्तर सरळ आहे. या कक्षांतले बहुतेक कर्मचारी कंत्राटी असतात. कंत्राट संपतं, जागा रिकामी राहते, दुसरीकडे बरी नोकरी मिळाली की माणूस जातो. संपूर्णा बेहुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली मुलांसाठीच्या यंत्रणेतल्या रिकाम्या जागा भरा असं बजावलं होतं. म्हणून त्या मॅडमवर राग काढू नका. एका मुलासाठी निदान वर्षभर एकच कार्यकर्ती, आणि ती जाणार असेल तर नव्या बाईला सोबत आणून ओळख करून देणं, एवढं मागा.

पैशाची लाज सोडा, ताई. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ पासून फॉस्टर केअरमधल्या मुलासाठी महिन्याला ४,००० रुपये ठरले आहेत. ते त्याच्या दुधाचे, दप्तराचे, डॉक्टरांचे आहेत. तुम्ही ते त्याच्या वतीनं मागता. तुम्ही मागितले नाहीत तर तुमचा मोठेपणा दिसेल, पण त्याचं नुकसान होईल. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना वेगळी आहे, तिची रक्कम महिन्याला २,२५० रुपये आहे. लोक या दोन्हींत फार गोंधळ घालतात, कधी कार्यालयातही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: आमचं प्रकरण कोणत्या योजनेत, कोणत्या तारखेला मंजूर झालं? दुसरा: कोणत्या महिन्यांचे पैसे निघाले, कोणत्या खात्यात गेले? खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून पैसे परत जाणं हे नेहमीचं आहे, ते बँकेत जाऊन आधी तपासा. केंद्र आणि राज्याचा हिस्सा एकत्र येऊन हप्त्यानं पैसे खाली येतात, त्यामुळे उशीर वरूनही होतो. पण उशीर कुठं झालाय हे कळण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

समितीच्या कामाबद्दल कोणाकडे जायचं हे फार थोड्या कुटुंबांना माहीत असतं. बाल न्याय कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून ती लागू आहे. तिच्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांनी समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावा घ्यायचा आहे, आणि मुलाशी संबंधित कोणीही समितीच्या कामकाजाबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतं. म्हणजे सिव्हिल लाइन्सचं जिल्हाधिकारी कार्यालय तुमच्यासाठी उघडं आहे. तरी मी म्हणेन, आधी समितीपुढं आणि कक्षाकडे अर्ज करा, महिनाभर थांबा, मग तिकडे जा. आणि जाल तेव्हा कोणा माणसाविरुद्ध गाऱ्हाणं घेऊन जाऊ नका, मागण्यांचा कागद घेऊन जा.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत आशेची वाटलेली ओळ म्हणजे ती अजून चार घरं. तुम्ही पाच कुटुंबं महिन्यातून एकदा भेटा. फक्त मोठी माणसं. मुलांच्या भूतकाळाच्या कहाण्या तिथं सांगायच्या नाहीत, त्या मुलांच्या मालकीच्या आहेत. आपल्या रात्री, आपला राग, आपल्या युक्त्या, हे बोलायचं. फोटो नाहीत, ग्रुपवर मुलांची नावं नाहीत. बैठकीला कक्षातल्या अधिकाऱ्यांना दर तीन महिन्यांनी बोलवा. आल्या तर फार बरं.

नागपुरात समाजकार्याची जुनी महाविद्यालयं आहेत, मातृसेवा संघाचं आहे, तिरपुडे आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावंच लागतं. त्यांच्या विभागप्रमुखांना भेटा. पण एक काळजी घ्या. विद्यार्थी वर्षभरानं जातात. त्यांना मुलाचे 'दादा' किंवा 'ताई' करून घरी आणू नका. ज्या मुलाची माणसं आधीच सुटली आहेत, त्याचं आणखी एक माणूस सुटेल. विद्यार्थ्यांकडून तुमची कामं करून घ्या: अर्ज लिहिणं, पाठपुरावा, बैठकीची नोंद, पाच घरांच्या अडचणींचा एक नीट अहवाल. तो अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या आढाव्याच्या आधी त्यांच्या टेबलावर पोहोचला पाहिजे.

तुमचं अनुभवाचं ज्ञानही वाया जाऊ देऊ नका. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांमुळे आता ३५ ते ६० वर्षांच्या अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही मूल सांभाळायला घेता येतं, आणि दोन वर्षांनंतर कायद्यानं मोकळ्या असलेल्या मुलाला दत्तक घेण्याचा मार्गही आहे. पूर्वी पाच वर्षं थांबावं लागायचं. म्हणजे नवी माणसं येतील. ती मोठ्या उत्साहानं येतील आणि उशीखालच्या पोळ्या पाहून हादरतील. त्यांना तयार कोण करणार? मूल घरी येण्याआधी त्यांनी तुमच्यासारख्या घरी दोन दुपारी बसून ऐकावं, असं कक्षाला सुचवा. याला खर्च नाही, आदेशाचीही वाट पाहायला नको.

आता विसाव्याबद्दल, कारण मला वाटतं तुम्हाला आत्ता सगळ्यात जास्त त्याचीच गरज आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ५२ मध्ये 'योग्य व्यक्ती' अशी तरतूद आहे. समिती पडताळणी करून एखाद्या व्यक्तीला ठरावीक काळापुरतं मूल सांभाळायला मान्यता देऊ शकते. तुमची बहीण असेल, किंवा त्या चार घरांपैकीच कोणी, ज्यांना तो ओळखतो, त्यांची अशी मान्यता आत्ताच मागून ठेवा. महिन्यातले दोन दिवस तो तिथं जाईल. तो जायच्या आधी कॅलेंडरवर दोघं मिळून खूण करा, जाणं आणि येणं दोन्ही. 'तुला सोडतोय' असं त्याला वाटायला नको. अचानक, आजारपणात किंवा भांडणानंतर मात्र पाठवू नका. उन्हाळ्यासाठी तर हे आतापासूनच ठरवा. मे महिन्यात शाळा बंद, बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरच्या आवाजात चार भिंतींत कोंडलेली दोन मुलं आणि तुमची लग्नसराईची शिलाई. ते दिवस एकट्यानं निघायचे नाहीत.

त्याच्या समुपदेशनासाठी मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकृती विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात जाता येईल, पण समितीचं पत्र घेऊन जा आणि ठरलेली वेळ मागा, म्हणजे ओपीडीच्या रांगेत त्याची कहाणी सगळ्यांसमोर सांगावी लागणार नाही. मनोरुग्णालय हा शब्द ऐकून घरचे दचकतील, दचकू देत. आणि तुमच्यासाठी टेली-मानस ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. रात्री मशीन बंद केल्यावर रडू येत असेल तर तो नंबर तुमच्यासाठीच आहे.

हे सगळं करूनही जमलं नाही तर? तर तो निर्णय तुम्ही घेऊ शकता, आणि मी तुम्हाला दोष देणार नाही. पण तो भांडणाच्या रात्री घेऊ नका आणि फोनवर 'आजच घेऊन जा' असं म्हणू नका. समितीला लेखी कळवा, थोडे आठवडे द्या. नव्या घरची माणसं त्याला आधी दोन-तीनदा भेटून जाऊ द्या. त्याला तुम्हीच सांगा, मॅडमनं नाही: 'तू वाईट म्हणून नाही. आमच्या घरी जेवढी मदत लागत होती तेवढी आम्हाला मिळाली नाही.' त्याचं सामान चांगल्या बॅगेत भरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. त्याचा डबा, त्याचा नंदी, तुमच्या घरचे फोटो सोबत द्या. समितीची परवानगी असेल तर नंतरही फोन करत राहा.

मात्र आधी मदत मागून पाहा, ताई. ती तुम्हाला अजून कोणी दिलेलीच नाही. या आठवड्यात फक्त एक अर्ज करा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या नावानं, प्रत बाल कल्याण समितीला. त्यात पाच गोष्टी मागा: मुलाच्या काळजी आराखड्याची प्रत, वर्षभरासाठी एकच कार्यकर्ती, थकलेल्या तीन महिन्यांचा हिशेब, विसाव्यासाठी योग्य व्यक्तीची मान्यता, आणि समुपदेशनासाठी पत्र. बाकीच्या चार घरांनीही आपापले अर्ज त्याच दिवशी द्यावेत. तुमच्या वहीतली शेवटच्या भेटीची नोंद सोबत जोडा. आणि आवक क्रमांकाची पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका.